थेंब मोठा असतानाच

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेलात, तर समुद्रापेक्षा जास्त गडबड किनाऱ्यावर दिसते. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. दोन महिने शाकारून ठेवलेल्या बोटींवरच्या ताडपत्र्या निघतात, जाळ्यांची डागडुजी होते, रंगाचे डबे उघडतात आणि खाली मशीनरूममध्ये घामाघूम होऊन कोणीतरी मशीन सुरू करायच्या खटपटीत असतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी ओळखीच्या एका नाखव्याने मला बोलावून घेतलं. मशीन सुरू व्हायचं, दोन मिनिटं बरं चालायचं, मग आवाज बदलायचा आणि बसायचं. एअर काढून झाली होती, फिल्टर बदलून झाला होता.

मी टाकीच्या तळाचा ड्रेन उघडला आणि खाली लिटरची पारदर्शक बाटली धरली. पहिली बाटली भरली ती निव्वळ पाण्याने. दुसरीत अर्ध्यावर एक रेघ दिसली. रेघेच्या खाली गढूळ पाणी, वर पिवळसर डिझेल आणि दोहोंच्या मध्ये काळपट, बुळबुळीत साय. ती बोटावर घेतली तर तुटेना, तार धरू लागली, आणि तिला कुजट वास होता. तिसऱ्या बाटलीत मात्र स्वच्छ डिझेल आलं. नाखवा बराच वेळ त्या तीन बाटल्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, मे महिन्यात टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. पाणी आलं कुठून?"

त्याला उत्तर द्यायला त्या दिवशी मला तासभर लागला. नीट उत्तर द्यायचं तर हे पुस्तक लिहावं लागलं.

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा ट्रेड शिकवत आलो. इंधनव्यवस्थेच्या धड्यात इंधनातलं पाणी वेगळं काढणाऱ्या वॉटर सेपरेटरला जेमतेम एक परिच्छेद मिळतो: बाउल, ड्रेन प्लग, संपलं. मुलंही तो भाग घाईने उरकतात, कारण त्यात फिरणारं, धडधडणारं काही नाही. पण पुढे हीच मुलं गॅरेजात उभी राहतात तेव्हा त्यांच्यासमोर येणाऱ्या खराब इंजेक्टरांमागे, गंजलेल्या पंपांमागे आणि मधेच बसणाऱ्या गाड्यांमागे पुन्हा पुन्हा पाणीच निघतं. म्हणून या एका परिच्छेदाचं पुस्तक करावंसं वाटलं. ट्रकचालक, ट्रॅक्टर असलेला शेतकरी, बोटीवरचा तांडेल, जनरेटर सांभाळणारा माणूस आणि अर्थातच मेकॅनिक, हे वाचक मी डोळ्यांसमोर ठेवले आहेत. पुस्तकभर मी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली आहे: पाण्याचा थेंब मोठा असतानाच त्याला बाहेर काढा. तो एकदा बारीक झाला की हातचा गेला.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. लिटरभर पाण्याचं वजन १००० ग्रॅम, लिटरभर डिझेलचं साधारण ८३० ग्रॅम. पाणी जड, म्हणून ते खाली बसतं, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. ते किती वेळात बसतं हे मात्र कोणी विचारत नाही. केंब्रिजचे गणिती जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दाखवून दिलं की द्रवातून संथपणे खाली जाणाऱ्या बारीक गोळ्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो, व्यास दहावा हिस्सा झाला की वेग शंभरावा हिस्सा. आता हा नियम टाकीत उतरवून पाहू. ३० सेंटिमीटर खोल डिझेलमधून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉनचा थेंब तळाला जायला साधारण पंधरा मिनिटं घेतो. जेवायला थांबलेल्या ट्रकच्या टाकीत तो आरामात बसेल. त्याच थेंबाचे फुटून १० मायक्रॉनचे थेंब झाले, तर प्रत्येकाला तेवढंच अंतर कापायला शंभरपट वेळ लागतो, म्हणजे पंचवीस तास. एवढा वेळ स्वस्थ उभी राहणारी गाडी धंद्याची नसते.

जुन्या लोकांना स्टोक्स ठाऊक नव्हता, पण थेंबाला वेळ द्यायचा असतो हे ठाऊक होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत विहिरीवरचं डिझेल इंजिन हा महाराष्ट्राच्या शेतीचा भाग झाला. ते इंजिन चालवणारा शेतकरी डिझेलचा डबा आणला की लगेच ओतत नसे. डबा रात्रभर ठेवायचा, सकाळी न हलवता अलगद नरसाळ्यात कापड धरून ओतायचा आणि तळाचं दोन-चार ओंजळी डिझेल डब्यातच ठेवायचं. माझे वडील असंच करत. ते तळाचं डिझेल वाया जाऊ नये म्हणून बिजागऱ्यांना, लाकडांना लावलं जाई. ट्रॅक्टरवर आणि ट्रकवर काचेचा बाउल असे. त्यात तळाला पाणी जमलं की येता-जाता नजरेला पडायचं. पुढे एक कापडी फिल्टर आणि एक कागदी फिल्टर. मायको कंपनीच्या पंपातून जाणारं डिझेल नोझलमधून सुमारे २०० बारच्या दाबाला उडायचं. थोडं पाणी गेलंच तर इंजिन खोकायचं, पांढरा धूर सोडायचं आणि पुढे चालायचं. त्या यंत्रांची सहनशक्ती मोठी होती.

आता नाखव्याच्या प्रश्नाकडे येतो. पाणी येतं कुठून?

सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर म्हणजे अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं. हे खरं आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. हिशेब करून बघा. टाकीत २०० लिटर जागा रिकामी आहे आणि आतली हवा ३० अंशाला पूर्ण दमट आहे असं धरलं, तर त्या सगळ्या हवेत मिळून सहा ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. रात्री पारा २० अंशावर आला तर त्यातलं अडीच-तीन ग्रॅम सुटून भिंतीला लागतं. एका रात्रीचं हे अर्धा चमचा पाणी. रोज रिकामी टाकी उभी करणाऱ्याकडे पावसाळाभरात ते साचत जाईल हे खरं, म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याची सवय चांगलीच आहे. पण पहिली बाटली निव्वळ पाण्याने भरते तेव्हा दवाला दोष देऊन शोध थांबवू नये. दुसरीकडे कुठेतरी वाट आहे.

त्या बोटीवर ती वाट होती डेकवरच्या झाकणात. झाकणाच्या रबरी रिंगला केसाएवढी चीर गेली होती आणि झाकण बसतं तिथे वाटीसारखा खळगा होता. ताडपत्री फाटून पावसाचं पाणी त्या खळग्यात साठत राहिलं होतं. दिवसा टाकी तापली की आतली हवा फुगून बुडबुड्यांनी बाहेर पडायची. सरीवर सर आली की टाकी गार व्हायची, आतली हवा आक्रसायची आणि खळग्यातलं पाणी त्या चिरेतून आत ओढलं जायचं. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतही थोडी हवा असतेच. दोन महिने ही टाकी अशी श्वास घेत होती.

उघड्यावर उभा ठेवलेला डिझेलचा बॅरल नेमका हेच करतो. त्याच्या वरच्या कडेच्या आत पावसाचं तळं साचतं, बुचं त्या तळ्यात बुडतात, आणि बूच कितीही आवळलेलं असलं तरी रोजच्या तापण्या-निवण्यात आट्यांतून पाणी आत जातं. खडी केंद्रांवर, रस्त्याच्या कामांवर, शेताच्या बांधावर असे बॅरल मी शेकड्यांनी पाहिले आहेत. उपाय फुकटचा आहे: बॅरल आडवा ठेवा, दोन्ही बुचं एकाच आडव्या रेषेत येतील असा, म्हणजे ती आतून डिझेलखाली राहतात आणि बाहेर पाणी साचत नाही. आडवा ठेवता येत नसेल तर एका बाजूला विटेचा तुकडा लावून तिरका करा, बुचं पाण्याच्या वर राहतील असा. पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणात याची आकृती दिली आहे. त्या एका आकृतीपुरतं जरी हे पुस्तक कोणाच्या कामी आलं तरी माझी मेहनत भरून पावली.

पंपावरच्या डिझेलबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण गाडी बंद पडली की पहिली शिवी पंपाला जाते. डिझेलच्या भारतीय मानकात पाण्याची कमाल मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे २०० लिटरच्या बॅरलमागे ३० ग्रॅमच्या थोडं वर, दोन मोठे चमचे. त्यातलं काही डिझेलमध्ये विरघळलेलंच असतं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि सेपरेटरलाही पकडता येत नाही. जमिनीखालच्या टाकीत पावसाळ्यात पाणी शिरू शकतं, म्हणून तिथे मापाच्या सळईला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तपासणी करतात. पाणी लागलं की त्या पेस्टचा रंग बदलतो. टँकर नुकताच रिकामा झाला असेल तर त्या पंपावर तासाभराने जावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला स्टोक्सच्या नियमाला धरून आहे. तळ ढवळलेला असतो, थेंबांना बसायला वेळ हवा असतो.

हे सगळं पूर्वीही होतं. मग आजच एवढी काळजी का? कारण थेंब आणि यंत्र, दोन्ही बदलले आहेत.

यंत्राचं आधी. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ आणि मर्सिडीज यांच्या मोटारींतून कॉमन रेल व्यवस्था, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल पुरवणारी व्यवस्था, प्रवासी गाड्यांत आली. सुरुवातीला दाब १३५० बार होता, आज २००० बारच्या पुढे गेलेला आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक देशभर लागू झालं आणि छोट्या टेम्पोपासून मोठ्या ट्रकपर्यंत ही व्यवस्था आली. या इंजेक्टरमधली सुई आणि तिची नळी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. त्या फटीत वंगणाचं काम दुसरं कोणी करत नाही, डिझेलच करतं. तिथे डिझेलऐवजी पाणी गेलं की धातू धातूवर घासतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की गंज चढतो आणि सुई अडकते. आणि नोझलच्या तापलेल्या टोकाशी काय होतं ते स्वयंपाकघरात रोज दिसतं: तापलेल्या फोडणीत पाण्याचा एक थेंब पडला की तेल कसं उडतं! पाण्याची क्षणात वाफ होते, ती फुगते, आणि वारंवार तसं झालं की नोझलची भोकं फाटतात, टोक तडकतं.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा टेम्पो पावसाळ्यात घाटात असाच बसला. चारही इंजेक्टर काढून टेबलावर ठेवले. एका सुईवर भिंगाखाली तपकिरी रंगाचं कडं दिसलं, सोनार कस लावतो तेवढ्या रुंदीचं. बाकी सगळी सुई आरशासारखी. त्या एवढ्याशा कड्याने सुई नळीत धरली होती आणि सिलिंडरमध्ये डिझेल गळत राहिलं होतं. सेपरेटरचा बाउल उघडला तर काठोकाठ पाणी. "दिवा लागला नाही का?" म्हणून विचारलं, तर कळलं की दिवा सारखा लागतो म्हणून कोणीतरी सेन्सरची वायरच काढून ठेवली होती. त्या घराचा तो हंगाम गेला. ती वायर काढणारा माणूसही माझ्यासारख्याच कोणाकडून शिकलेला असणार, आणि सेन्सर म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलं नसणार. त्या बाउलमध्ये दोन धातूच्या पिना असतात. डिझेलमधून वीज जात नाही, पाण्यातून जाते. पाण्याची पातळी पिनांपर्यंत चढली की दिवा लागतो. यात नादुरुस्त होण्यासारखं फार थोडं आहे. दिवा सारखा लागत होता याचा अर्थ पाणी सारखं येत होतं.

आता थेंबाचं. डिझेलमधलं गंधक बीएस-४ मध्ये किलोमागे ५० मिलिग्रॅम होतं, ते बीएस-६ मध्ये १० वर आणलं. हवेसाठी ते फार मोलाचं काम झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची अंगची वंगणशक्तीही जाते, म्हणून त्यात वंगण वाढवणारी द्रव्यं घालावी लागतात. शिवाय मानकात सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला मुभा आहे, आणि बायोडिझेल पाणी धरून ठेवतं. ही सगळी द्रव्यं पाण्याच्या थेंबाभोवती साबणासारखी वागतात. पृष्ठताण कमी होतो, मोठा थेंब सहज फुटतो आणि फुटलेले थेंब एकमेकांना भेटले तरी एक होत नाहीत. त्यात कॉमन रेलची व्यवस्था बरंचसं डिझेल रेलमधून गरम होऊन टाकीत परत पाठवते, त्यामुळे टाकी चालत्या गाडीत सतत ढवळली जाते. गरम डिझेल जास्त पाणी विरघळवून घेतं, रात्री गार झालं की तेच पाणी धुक्यासारखं सोडून देतं. पूर्वी टाकीच्या तळाशी पाणी नि वर डिझेल असे दोन थर स्पष्ट असायचे. आता मधे एक दुधाळ पट्टा दिसतो, आणि सेपरेटरची खरी परीक्षा त्या पट्ट्यात आहे.

सेपरेटर कसा काम करतो यावर तीन प्रकरणं आहेत, इथे फक्त त्यातलं मर्म सांगतो. थंडीतल्या पहाटे कोळ्याच्या जाळ्यावर दव पाहिलं असेल. धुक्याचे अदृश्य कण तंतूला चिकटतात, शेजारच्याला मिळतात, मोठे होतात आणि आपल्या वजनाने खाली सुटतात. सेपरेटरमधल्या बारीक तंतूंच्या थरात नेमकं हेच घडवून आणतात: छोट्या थेंबांचे मोठे थेंब करायचे आणि मग त्यांना पडू द्यायचं. दुसऱ्या प्रकारात कागदावर सिलिकोनसारख्या द्रव्याची प्रक्रिया केलेली असते. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही तसं त्या कागदावर पाणी ठरत नाही, डिझेल पार जातं आणि थेंब अलीकडे घरंगळतो. दोन्ही प्रकारांत शेवटचं काम पडण्याचंच आहे, आणि पडायला थेंब मोठा लागतो. म्हणूनच पाणी काढणारा फिल्टर टाकी आणि पंप यांच्या मध्ये, ओढीच्या बाजूला असणं बरं. पंप घुसळतो. पंपाच्या पुढे गेलेलं पाणी बारीक चुऱ्यासारखं झालेलं असतं, तिथे त्याला गाठणं फार कठीण. अनेक ठिकाणी मी पाहतो की हवा ओढते म्हणून ओढीच्या बाजूचा सेपरेटर काढून टाकतात आणि पंपापुढच्या एकाच बारीक फिल्टरवर भागवतात. हवा ओढत असेल तर वॉशर बदलावा, जोड तपासावा. सेपरेटर काढणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

थेंब मोठा करता येत नसेल तर त्याचं वजन वाढवायचं, हा तिसरा मार्ग. स्वीडनचे गुस्ताफ द लव्हाल यांनी १८७८ मध्ये दुधातली साय वेगळी करणारं फिरतं यंत्र बनवलं. आपल्या डेअऱ्यांत 'सेपरेट दूध' हा शब्द रुळला तो याच यंत्रावरून. १८८३ मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी १९६३ पासून अल्फा लव्हाल या नावाने ओळखली जाते. तेच तत्त्व आज मोठ्या जहाजांवर इंधनातलं पाणी काढायला वापरतात. जहाजांचं जड तेल पाण्याच्या जवळपास वजनाचं असतं, म्हणून ते आधी ९८ अंशापर्यंत तापवून पातळ करतात आणि मग गरगर फिरवतात. दुधाच्या गावातल्या मुलांना हे उदाहरण दिलं की त्यांचे डोळे चमकतात, असा माझा अनुभव आहे.

आता नाखव्याच्या बाटलीत दिसलेल्या त्या बुळबुळीत सायीबद्दल. ती घाण नसते, जिवंत असते. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या रेघेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात: खायला वर डिझेल, प्यायला खाली पाणी. हॉर्मोकोनिस रेझिने नावाची बुरशी तर यासाठी जगभर बदनाम आहे. तिचे तंतू फिल्टर बुजवतात आणि तिच्यामुळे तयार होणारी आम्लं टाकीचा पत्रा खातात. बाजारात तिला मारण्याची औषधं मिळतात, पण पाणी तसंच ठेवून औषध घातलं तर मेलेली बुरशी फिल्टरमध्येच येऊन बसते. पाणी काढलं की तिचं पोषणच तुटतं. आधी पाणी काढा, टाकी धुवा, मग गरज वाटली तर औषधाचा विचार करा.

पेट्रोलची गोष्ट वेगळी आहे आणि तिला मी मुद्दाम वेगळं प्रकरण दिलं आहे, कारण डिझेलचे नियम तिथे लावले की फसगत होते. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. महाराष्ट्रात ते इथेनॉल कुठून येतं हे ऊस उत्पादकाला सांगायला नको. इथेनॉलला पाणी आवडतं. थोडं पाणी टाकीत गेलं तर ते इथेनॉलच्या संगतीने पेट्रोलमध्ये विरून जातं आणि जळूनही जातं. पण मर्यादा ओलांडली की पाणी एकटं खाली येत नाही, इथेनॉललाही ओढून नेतं. वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, खाली इथेनॉल-पाण्याचा थर, आणि इंजिनला पहिला मिळतो तो खालचा थर. वर्गात मी मोजनळीत ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवून ठेवतो. थोड्या वेळाने तळाचा थर दुपटीहून जास्त झालेला असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पेट्रोलमध्येच पाणी होतं. ते पाणी नव्हे, खाली उतरलेलं इथेनॉल आहे. एकदा असं फाटलेलं पेट्रोल कोणत्याही फिल्टरने जुळत नाही, टाकी रिकामी करावी लागते. म्हणून दुचाकीवाल्यांसाठी एवढंच: टाकीच्या झाकणाभोवतालच्या खळग्यात पाणी वाहून जायला बारीक भोक असतं, ते पावसाळ्याआधी तारेने मोकळं करा.

पाणी इंधनात किती निमूटपणे दडून राहू शकतं याचं मला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं उदाहरण रस्त्यावरचं नाही, आकाशातलं आहे. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ विमान हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच उतरलं. उतरता उतरता दोन्ही इंजिनांची ताकद गेली होती. चौकशीत निघालं की वाटेत इंधन उणे ३४ अंशापर्यंत गार झालं होतं, त्यातल्या पाण्याचे बर्फाचे कण नळ्यांत साचले आणि शेवटी एकदम सुटून त्यांनी इंधनाची वाट रोखली. इंधन सर्व मानकांत बसणारं होतं. विमानातले १५२ जण वाचले. त्यानंतर जिथे ही वाट रोखली गेली होती तो त्या इंजिनांतला भाग बदलण्यात आला. आपल्या ट्रकांना लडाखच्या वाटेवर हिवाळ्यात असंच काहीसं भोगावं लागतं, तिथल्या चालकांसाठी शेवटच्या प्रकरणात दोन पानं आहेत.

आता पाणी काढण्याबद्दल, कारण सगळं वाचून हातात काही आलं पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी इंजिन सुरू करण्याआधीची वेळ सर्वात चांगली, तेव्हा थेंब बसलेले असतात. बाउलखाली पारदर्शक बाटली धरा, ड्रेन अर्धा आटा सैल करा. ओढीच्या बाजूच्या सेपरेटरला कधी कधी ड्रेन उघडूनही थेंब पडत नाही. नळीच्या वरच्या तोंडावर बोट धरलं की खालून पाणी सुटत नाही, तसंच ते आहे. वरचा एअर स्क्रू सैल केला की धार लागते. स्वच्छ डिझेल आलं की बंद करा, हँड प्रायमर मारून एअर काढा, मग सेल्फ मारा. बाटलीतलं पाणी की डिझेल अशी शंका आली तर खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका: डिझेलमधून तो तसाच खाली जातो, पाण्यात पोहोचला की पसरतो. काढलेलं पाणी खाडीत किंवा गटारात ओतू नका, त्यात तेल असतं. ते डब्यात साठवून जुन्या ऑइलबरोबर द्या. आणि किती निघालं ते तारखेसह वहीत लिहा. गेल्या महिन्यात चमचाभर निघत होतं आणि आज पेलाभर निघालं, तर कुठेतरी नवी वाट उघडली आहे, हे ती वहीच सांगेल.

या पुस्तकात काय राहून गेलं असेल ते वापरणाऱ्यांनीच कळवावं. गॅरेजात, बंदरावर, बांधावर काम करणाऱ्यांनी मला जे शिकवलं ते पुस्तकांनी शिकवलेल्यापेक्षा कमी नाही. त्या नाखव्याच्या बोटीवर आता नव्या रबरी रिंगचं झाकण आहे, आणि मशीनरूमच्या दाराला दोरीने बांधलेली एक रिकामी बाटली आहे.

तुमच्याकडे डिझेलवर चालणारं काहीही असेल, तर पहिलं प्रकरण उघडण्याआधी उद्या सकाळी एकदा त्याच्या सेपरेटरचा ड्रेन सैल करा आणि बाटलीत काय येतं ते उजेडात धरून पाहा.